क्लबहाऊसमधली पार्टी, दारूचा परवाना आणि कमिटीची सही

तुमच्या प्रश्नात चार प्रश्न आहेत. आधी ते थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. पुण्यातलं १२० फ्लॅटचं अपार्टमेंट. सहकारी सोसायटी नाही, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालचं कॉन्डोमिनियम, म्हणजे फ्लॅट ज्याचा त्याच्या मालकीचा आणि कारभार मालकांच्या असोसिएशनकडे. क्लबहाऊसमध्ये थर्टी फर्स्टची पार्टी ठरते आहे, माणशी वर्गणी घेणार आणि ड्रिंक्स त्यातच. एक सभासद म्हणतात, खासगी जागा आहे, परवाना कशाला? केटरर म्हणतो, आमच्याकडे लायसन्स आहे, काळजी करू नका. आणखी एक जण म्हणतात, दरवर्षीची कटकट नको, क्लबचं कायमचं लायसन्सच काढून टाकू. शेवटचा प्रश्न: तळमजल्यावरच्या गाळ्यात वाइन शॉप येऊ घातलंय, ते अडवता येईल का?

सगळ्यांचा वाद ‘सोसायटीत दारू चालते की नाही’ यावर अडकलाय. कायदा तसं विचारत नाही. तो विचारतो की बाटली कोणाची, ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, जागा कोणाच्या ताब्यात होती आणि मध्ये पैसे फिरले का. ही उत्तरं बदलली की त्याच क्लबहाऊसमधल्या त्याच पार्टीचं कायदेशीर रूप पार बदलतं.

महाराष्ट्रात मुळात दारूबंदी कायदा आहे, हे बरेच जण विसरतात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. पूर्वी त्याला मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणायचे. इथे नियम बंदीचा आहे, आणि परवाना, अनुज्ञप्ती, परमिट हे सगळे त्या बंदीतले अपवाद. म्हणून ‘कुठे लिहिलंय की चालत नाही?’ हा युक्तिवाद एक्साइजच्या, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या, कार्यालयात टिकत नाही. ‘कुठल्या अपवादाखाली चालतं?’ हे तुम्हाला दाखवावं लागतं.

स्वतःच्या फ्लॅटपासून सुरुवात करू, कारण तिथलं चित्र सर्वांत सोपं आहे. दारू बाळगायला, नेआण करायला आणि प्यायला परमिट लागतं. एका दिवसाचं विदेशी मद्याचं परमिट ५ रुपये, वर्षाचं १०० रुपये, आजीवन १,००० रुपये. देशी दारूचं एका दिवसाचं २ रुपये. वयाची अट बिअरसाठी २१, व्हिस्की-रम-व्होडकासाठी २५. परमिटवर महिन्याला १२ युनिट विदेशी मद्य घेता येतं. युनिट म्हणजे बाटली नव्हे. बिअरच्या एका युनिटमध्ये अनेक बाटल्या येतात, व्हिस्कीचा हिशोब वेगळा. तुम्ही घरी चार पाहुणे बोलावले, परमिट आहे, बाटल्या बिलाच्या आहेत, पैसे कोणाकडून घेतले नाहीत, तर वेगळ्या परवान्याचा प्रश्न येत नाही आणि कमिटीचाही त्यात संबंध नाही. कमिटीने ‘फ्लॅटमध्ये मद्यपानास मनाई’ अशी नोटीस लावली, तर ती कागदावरच राहील. गोंगाटाबद्दल बोलायचा अधिकार तिला आहे, ग्लासात काय आहे याबद्दल नाही.

क्लबहाऊस मात्र कोणाच्याच फ्लॅटचा भाग नाही. १९७० च्या कायद्यात ते सामाईक क्षेत्र. प्रत्येक मालकाचा त्यात अविभक्त हिस्सा असतो, आणि कलम ६ प्रमाणे ते ज्या हेतूसाठी आहे त्याच हेतूने, इतर मालकांच्या हक्कांना अडथळा न आणता वापरायचं असतं. म्हणजे ‘माझाही हिस्सा आहे, मी तिथे पिईन’ हे जितकं लंगडं, तितकंच ‘चेअरमननी हो म्हटलं’ हेही लंगडं. जागा अनेकांची आणि ताबा असोसिएशनच्या व्यवस्थापक मंडळाचा. गडबड झाली की पंचनाम्यात ताबा असलेल्यांचीच नावं पहिली येतात.

आता ‘खासगी जागा, परवाना कशाला’ या मुद्द्याकडे. या कायद्यात सामाईक मद्यपानगृह अशी एक कल्पना आहे. जागेचा मालक, ताबेदार किंवा व्यवस्थापक स्वतःच्या फायद्यासाठी जिथे दारू पिऊ देतो, ती जागा. तो फायदा पिण्याचे पैसे घेऊन होवो, जागेचं भाडं घेऊन होवो की आणखी कुठल्या मार्गाने. असं ठिकाण चालवणं हा वेगळा गुन्हा (कलम ६८) आणि तिथे पिताना सापडणं हा वेगळा (कलम ८४). जागा खासगी असणं हा यातला बचाव नाही, कारण व्याख्या मुळात खासगी जागांनाच धरायला केलेली आहे.

बहुतेक कमिट्या इथेच घसरतात, आणि तेही चांगल्या हेतूने. हॉलचं भाडं ठरलेलं असतं, समजा ५,००० रुपये. मग कोणीतरी सुचवतं की ड्रिंक्स असतील तर सफाईचा त्रास वाढतो, २,००० जास्त घेऊ. पावतीवर ‘लिकर चार्जेस’ असं छान अक्षरात लिहिलं जातं. हे करू नका. दारू पिऊ देण्याबद्दल जागेच्या व्यवस्थापनाने पैसे घेतले, याचा पुरावा तुम्हीच छापून दिलात. सफाईचं शुल्क घ्यायचं तर ते सर्व कार्यक्रमांना सारखं ठेवा, बारशाला आणि थर्टी फर्स्टलाही. हवं तर परत मिळणारी अनामत रक्कम वाढवा. दोन्हीला हरकत नाही.

वर्गणीचंही तसंच. माणशी १,५०० रुपये, त्यात जेवण, डीजे आणि दारू. आयोजकाला वाटतं आपण नफा कमवत नाही, खर्च वाटून घेतोय. एक्साइज निरीक्षकाला दिसतं ते असं: पैसे गोळा झाले, त्यातून दारू विकत घेतली गेली आणि पैसे भरणाऱ्याला ती दिली गेली. या कायद्याखाली विक्रीकडे दुकानदारीपुरतं बघितलं जात नाही. एकदिवसीय परवाना असेल तर हा प्रश्न उरत नाही. नसेल तर ‘आम्ही नफा घेतला नाही’ हे सांगत बसावं लागतं, आणि ते सांगायची जागा तुमच्या सोयीची नसते.

मग ‘ज्याने त्याने आपली बाटली आणावी’? हे अनेक ठिकाणी चालतं, आणि दहा-बारा जण हॉलमध्ये बसले म्हणून कोणी धाड घालेल असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण जोखीम वाढवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पार्टी असोसिएशनच्या नावाने जाहीर होणं, हॉलचं भाडं घेतलेलं असणं, बाहेरचे पाहुणे येणं, आणि कमिटीने व्हॉट्सॲपवर ‘आपापली बाटली आणा, ग्लास-सोडा-बर्फ आम्ही देऊ’ असं लिहिणं. ग्लास, सोडा आणि बर्फ यांत गुन्हा काही नाही. पण ती जागा पिण्यासाठी तयार केली, हे त्यातून सिद्ध होतं. १२० फ्लॅटच्या पार्टीला हा मार्ग मी सुचवणार नाही. एवढ्या माणसांत कोणाची बाटली कोणी ओतली, हे दहा वाजल्यानंतर कोणालाच सांगता येत नाही.

केटररचं म्हणणं जरा ताडून बघा. त्याच्याकडे बहुधा त्याच्या हॉटेलचा परमिट रूमचा परवाना असतो, म्हणजे एफएल-तीन. तो परवाना त्या हॉटेलच्या मंजूर नकाशातल्या जागेला चिकटलेला असतो. त्या चौकटीबाहेर, तुमच्या क्लबहाऊसमध्ये, त्याच्या जोरावर एक पेगही देता येत नाही. वाइन शॉपचा एफएल-दोन परवानाही बंद बाटली विकण्याचा आहे, ओतून देण्याचा नाही. केटररला एकच प्रश्न विचारा: ‘आमच्या पत्त्यावर आणि त्या तारखेवर असलेला परवाना दाखवा.’ दाखवला तर उत्तम. ‘आम्ही नेहमी करतो, मॅनेज होतं’ असं उत्तर आलं, तर काय मॅनेज होतं ते समजून घ्या आणि दुसरा केटरर बघा. अन्नसुरक्षेचा परवाना दारूचा परवाना म्हणून पुढे करणारेही भेटतात. जेवणासाठी तो लागतोच, पण त्याचा इथे उपयोग नाही.

तुम्हाला लागणारा परवाना म्हणजे एका कार्यक्रमापुरता तात्पुरता परवाना, बोलीभाषेत वनडे लायसन्स, एफएल-चार-अ. अर्ज ऑनलाइन होतो, मंजुरी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडून. शुल्क अर्ज भरण्याच्या दिवशीच्या तक्त्यावरून बघा. परवान्यांची शुल्कं आर्थिक वर्षागणिक बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या पार्टीचा आकडा धरून वर्गणी ठरवू नका.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, यावर मी बराच वेळ घालवायला सांगतो, कारण परवान्याच्या अटी मोडल्या तर जबाबदारी परवानाधारकावर येते. पर्याय दोन. एक, असोसिएशनच्या नावाने, म्हणजे व्यवहारात चेअरमन किंवा सेक्रेटरीच्या सहीने. दोन, पार्टीचा आयोजक असलेल्या सभासदाच्या नावाने, आणि असोसिएशन फक्त जागामालक म्हणून ना-हरकत देते. कार्यक्रम सर्वांचा असेल आणि सर्वसाधारण सभेचा ठराव असेल तर पहिला. तीस-चाळीस कुटुंबांनी एकत्र येऊन केलेली पार्टी असेल तर दुसराच योग्य. जे पीत नाहीत, किंवा ज्यांचा विरोध आहे, त्यांच्याही देखभाल शुल्कावर चालणाऱ्या असोसिएशनचं नाव अशा परवान्यावर का असावं? मद्याचा खर्च असोसिएशनच्या खात्यातून करूच नका. वेगळी वर्गणी, वेगळं खातं, वेगळा हिशोब. पुढच्या सभेत ऑडिटवरून जे रण माजतं, ते इथे टळतं.

ना-हरकत पत्रात सेक्रेटरी लोक एकच ओळ लिहितात, ‘आमची हरकत नाही’. ते अपुरं आहे. तारीख, वेळ कितीपासून कितीपर्यंत, नेमकी जागा, कमाल उपस्थिती, आणि ‘मद्यपुरवठा केवळ वैध परवाना असल्यास आणि परवानाधारकाच्या जबाबदारीवर’ हे शब्द त्यात हवेत. परवान्याची प्रत कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी कार्यालयात जमा झाली नाही तर परवानगी आपोआप रद्द, हेही लिहा. हे शेवटचं वाक्य कमिटीला वाचवतं.

नेमक्या जागेवर आणखी थोडं, कारण प्रत्यक्षात सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. अर्जात लिहिलेलं असतं ‘क्लबहाऊस, पहिला मजला’. रात्री गर्दी होते, हवा छान असते, आणि काउंटर हळूच लॉनवर सरकतं. कोणीतरी ग्लास घेऊन स्विमिंग पूलच्या काठावर बसतं. परवाना पहिल्या मजल्याचा आहे, लॉन त्यात नाही. लॉन वापरायचं असेल तर आधीच नकाशात दाखवा. पूल नकाशात घेऊच नका. उलट त्या रात्री संध्याकाळी सहालाच कुलूप लावून किल्ली सिक्युरिटी सुपरवायझरकडे द्या.

वेळापत्रक सांगायचं तर नोव्हेंबरच्या शेवटी सभा आणि ठराव, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज. वीस तारखेनंतर सगळ्या हॉटेलांचे आणि लॉनवाल्यांचे अर्ज एकदम येतात. अर्जाबरोबर जागेच्या ताब्याचा कागद (तुमच्या बाबतीत डिक्लरेशनची, म्हणजे १९७० च्या कायद्याखाली इमारतीसाठी नोंदवलेल्या घोषणापत्राची प्रत), ना-हरकत, अर्जदाराची ओळखपत्रं आणि जागेचा साधा नकाशा तयार ठेवा. पोलीस ठाण्याला पत्र द्यायला सांगितलं नसलं तरी द्या आणि पोच घ्या. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं, गायक किंवा ऑर्केस्ट्रा आणला, तर तो सार्वजनिक करमणुकीचा कार्यक्रम होतो आणि पोलिसांची परवानगी वेगळी लागते. माझा सल्ला सरळ आहे: बाहेरच्यांना तिकीट विकू नका. सभासद आणि प्रत्येक फ्लॅटमागे ठरावीक पाहुणे, तेही नावाच्या यादीने.

परवाना मिळाला तरी पिणाऱ्यांना परमिट लागतंच, हे लक्षात असू द्या. ५ रुपयांची एकदिवसीय परमिटं पुरेशी घेऊन ठेवा, प्रवेशाच्या टेबलावर नाव आणि वय लिहून द्या. ज्यांच्याकडे आजीवन परमिट आहे त्यांनी ते सोबत ठेवावं. आणि टेबलावरच मनगटाला पट्टी बांधा: एक रंग पंचवीसवरच्यांना, दुसरा बाकी सर्वांना. एकवीस ते पंचवीसमधल्यांना फक्त बिअर द्यायची असं कागदावर ठीक दिसतं, पण गर्दीत काउंटरवरच्या पोराला ते जमत नाही. म्हणून मी सरसकट पंचवीसची रेघ ओढायला सांगतो. कॉलेजातली मुलं नाराज होतील, होऊ द्या.

अठराखालच्या मुलांच्या बाबतीत गंमत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे बालकाला मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२४ मधल्या पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर (अल्पवयीन चालकाला बारमध्ये दारू दिल्याचा आरोप होता) हेच कलम चर्चेत आलं होतं. ‘आईवडील समोरच होते’ हा बचाव नाही. मुलांचं जेवण आणि खेळ वेगळ्या मजल्यावर ठेवा, म्हणजे अर्धा प्रश्न मिटतो.

खरेदी. सगळ्या बाटल्या परवानाधारक दुकानातून, एका बिलावर, परवान्याचा उल्लेख करून घ्या आणि बिल काउंटरवर ठेवा. तपासणीला आलेला माणूस आधी लेबल आणि बिल बघतो. इथे हमखास सापडतात त्या गोव्याच्या बाटल्या. ‘फक्त गोवा राज्यात विक्रीसाठी’ असं लेबलवर छापलेलं असतं, आणि परवानगीशिवाय ती बाटली महाराष्ट्रात आणणं हाच गुन्हा आहे. पार्टीचा परवाना असला तरी ती बाटली वैध होत नाही, उलट तिच्यापायी चांगल्या परवान्यावर बालंट येतं. लष्करी कॅन्टीनच्या बाटलीवरही ती संरक्षण दलांसाठी असल्याचं छापलेलं असतं. निवृत्त कर्नलसाहेबांनी प्रेमाने दोन दिल्या तर त्या त्यांच्या घरीच प्या, काउंटरवर मांडू नका. ड्यूटी फ्रीच्या बाटलीचंही तेच.

किती घ्यायचं? ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग होतात. वाइनच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. शंभर प्रौढ असतील तर साधारण साठ पिणारे धरा. त्यातले पस्तीस व्हिस्की-रम-व्होडकावाले, पंधरा बिअरवाले, दहा वाइनवाले. पहिल्यांना माणशी तीन ते चार छोटे पेग धरले तर १०५ ते १४० पेग, म्हणजे पाच-सहा बाटल्या. बिअर माणशी ६५० मिलीच्या दोन, म्हणजे तीस बाटल्या. वाइन माणशी दोन ग्लास, म्हणजे चार बाटल्या. बर्फ माणशी अर्धा किलो, आणि पाणी लागेल त्याच्या दुप्पट. आयोजक मंडळी याच्या तिप्पट आणतात, आणि उरलेल्या मालाचं काय करायचं हा प्रश्न दोन तारखेला उभा राहतो. उरलेल्या बाटल्या क्लबहाऊसच्या कपाटात ठेवता येत नाहीत. परवाना संपला की तो साठा कुठल्याच परवान्याखाली नसतो. सीलबंद बाटल्या परत घेण्याबद्दल दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा. उघडलेल्या बाटल्या परमिटधारकांनी आपापल्या घरी, परमिटच्या मर्यादेत न्याव्यात. सभासदांत लिलाव करून पैसे वसूल करायची टूम कोणी काढली तर तिथेच थांबवा, ती विक्री आहे. वॉचमनला ‘तू पण घे’ म्हणून अर्धी बाटली देणं तर अजिबात नको, तो ड्यूटीवर असतो.

ओतणारी माणसं ठरलेली दोन किंवा तीन, पंचविशीच्या पुढची, आणि स्वतः न पिणारी. हाताने बेतून ओतू नका, ३० मिलीचं माप वापरा. काउंटर कार्यक्रम संपायच्या पाऊण तास आधी बंद करा आणि जेवण त्याआधीच लावा, बारानंतर नाही. गाड्यांबद्दल: रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी गेटवर दोन भाड्याचे ड्रायव्हर सांगून ठेवणं सर्वांत स्वस्त पडतं.

वेळेबद्दल दोन गैरसमज आहेत. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला गृह विभाग दारूच्या परवान्यांची वेळ वाढवतो, कुठे एकपर्यंत, कुठे पहाटे पाचपर्यंत. ती बातमी वाचून लोक समजतात की सगळंच पाचपर्यंत. त्या आदेशात कुठल्या प्रकारच्या परवान्याला किती वेळ ते लिहिलेलं असतं. तुमचा प्रकार त्यात आहे का ते बघा, आणि तुमच्या परवान्यावर छापलेली वेळ शेवटची समजा. दुसरं, दारूची वेळ आणि ध्वनिक्षेपकाची वेळ या वेगळ्या गोष्टी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्याला बारापर्यंत सूट देता येते. ३१ डिसेंबर तुमच्या जिल्ह्याच्या यादीत आहे का, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात बघा. पार्टीवरच्या तक्रारी दारूमुळे क्वचित होतात. डीजेमुळे होतात, आणि पोलीस आले की मग दारूचे कागद मागतात.

थर्टी फर्स्टला नाही, पण इतर तारखांना कोरड्या दिवसांचा (ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असलेले दिवस) घोळ होतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेलेच. शिवाय जिल्हाधिकारी स्थानिक दिवस जाहीर करतात. निवडणुकीचं मात्र नीट वाचा: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-क प्रमाणे मतदान संपण्याआधीचे ४८ तास मतदानक्षेत्रात मद्याची विक्रीच नव्हे, वाटपही बंद असतं, आणि जागा सार्वजनिक असो की खासगी. त्या दोन दिवसांत क्लबहाऊसमधला वाढदिवससुद्धा कोरडाच.

कायमच्या क्लब परवान्याचा विचार सोडून द्या, असं मी बहुतेक अपार्टमेंटना सांगतो. एफएल-चार हा परवाना खऱ्या क्लबसाठी आहे, म्हणजे सभासदत्व, स्वतंत्र घटना, व्यवस्थापन आणि रोजची साठा नोंदवही असलेल्या संस्थेसाठी. तुमची असोसिएशन फ्लॅटमालकांची आहे. मालक झालं की सभासद, मग तो पिणारा असो वा कट्टर विरोधक. क्लबहाऊस मंजूर नकाशात रहिवाशांच्या सोयीची जागा म्हणून दाखवलेलं असतं. तिथे नेहमीचा बार चालवणं हा वापरातला बदल आहे, आणि एका मालकाने जरी हरकत घेतली तरी कलम ६ चा मुद्दा उभा राहतो. वर्षाचं शुल्क, रोजची नोंदवही, कर आणि तपासणी, एवढा डोलारा वर्षातल्या चार पार्ट्यांसाठी कोण सांभाळणार? सेक्रेटरी तर दोन वर्षांनी बदलतो. चार वेळा तात्पुरता परवाना घेणं कितीतरी सोपं.

याच्या उलट, क्लबहाऊसमध्ये दारूला पूर्ण बंदी घालायची असेल तर? तेही करता येतं, आणि सरकारी परवाना मिळाला म्हणून असोसिएशनचा नियम रद्द होत नाही. परवाना सांगतो की सरकारची हरकत नाही, एवढंच. पण बंदीचा मार्ग बरोबर हवा. हॉल वापराचे नियम सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करा. उपविधीतच बंदी घालायची असेल तर कॉन्डोमिनियममध्ये उपविधी डिक्लरेशनला जोडलेले असतात, आणि डिक्लरेशनची दुरुस्ती करून ती रीतसर नोंदवल्याशिवाय उपविधीतला बदल वैध ठरत नाही. सहकारी सोसायटी असती तर मार्ग १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचा आणि निबंधकांचा. दोन्ही प्रकारांत नुसती नोटीस बोर्डावरची चिठ्ठी पुरत नाही.

वाइन शॉपचं. ११ मार्च २०२५ ला तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवं बिअर किंवा दारूचं दुकान सुरू करायला त्या नोंदणीकृत सोसायटीची ना-हरकत लागेल. तुमचा पेच असा की तुम्ही कॉन्डोमिनियम आहात, आणि गाळामालक म्हणणार, ‘इथे सोसायटीच नाही, मग ना-हरकत कोणाची?’ त्याची वाट बघू नका. अर्ज आल्याची कुणकुण लागताच व्यवस्थापक मंडळाचा ठराव करून अधीक्षक आणि जिल्हाधिकारी दोघांनाही लेखी हरकत द्या. सोबत नोंदणीकृत डिक्लरेशन, मंजूर नकाशा, आणि दुकानाचं प्रवेशद्वार रहिवाशांच्या वाटेशी सामाईक आहे का ते दाखवणारे फोटो लावा. डिक्लरेशनमध्ये गाळ्यांच्या वापरावर मर्यादा असेल तर ते पान अधोरेखित करून वर ठेवा. तो तुमचा सर्वांत मजबूत कागद. शाळा आणि धार्मिक स्थळापासूनचं अंतर तपासा. ‘दारूमुळे संस्कृती बिघडते’ अशी चार पानं लिहू नका, अधिकाऱ्याला त्यावर निर्णय देता येत नाही.

आणि एक बारीक गोष्ट: मागच्या कमिटीने गाळेवाल्याला ‘कोणत्याही व्यवसायास हरकत नाही’ असं सरसकट पत्र दिलंय का, ते फाइलमध्ये बघा. असेल तर ते मद्यविक्रीला लागू नाही, असं आजच लेखी कळवा. दुकान आधीच सुरू झालेलं असेल तर ना-हरकतीचा मुद्दा फारसा उरत नाही. मग २००८ च्या आदेशातला, ‘आडवी बाटली’ म्हणून ओळखला जाणारा, मतदान घेऊन दुकान बंद करायचा मार्ग. वॉर्डातल्या एकूण किंवा महिला मतदारांपैकी किमान २५ टक्क्यांनी मागणी केल्याशिवाय तो सुरूच होत नाही, म्हणजे एका अपार्टमेंटच्या आवाक्यातलं ते काम नव्हे.

हे सगळं महाराष्ट्रातल्या ओल्या जिल्ह्यांपुरतं. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथे वनडे लायसन्सचा प्रश्नच येत नाही. तुमच्यापैकी जे नोएडात राहतात त्यांनी उत्तर प्रदेशचा एफएल-११ हा प्रासंगिक परवाना बघावा, बेंगळुरूत कर्नाटकचा सीएल-५, दिल्लीत पी-१०. वयाची अट, बाळगण्याची मर्यादा आणि कोरडे दिवस प्रत्येक राज्यात वेगळे, त्यामुळे पुण्याचा अर्ज बघून तिकडे हॉल बुक करू नका.

तुम्ही डिक्लरेशनमधलं सामाईक क्षेत्राचं कलम आणि हॉल वापराचे सध्याचे नियम इथे टाकलेत, तर ना-हरकत पत्राचा मसुदा त्याप्रमाणे नेमका करून देता येईल.